हरिकेननंतरची पुनर्बांधणी : स्थानिक शासनांच्या अनुदानाचा अमेरिकी अनुभव

चक्रीवादळाच्या बातम्या साधारणतः पंधरवड्यात ओसरतात. मृतांचा आकडा निश्चित होतो, छावण्यांतील माणसे आपापल्या गावी परततात आणि मदतसाहित्याचे ट्रक येणे थांबते. यानंतर जो काळ सुरू होतो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. कोसळलेली पाण्याची टाकी, खचलेला रस्ता, छप्पर उडालेली शाळा, खाऱ्या पाण्यात बुडून निकामी झालेले पंपगृह ही मालमत्ता बहुधा स्थानिक शासनाची असते. ती पुन्हा उभी करण्याइतका पैसा मात्र त्याच्या तिजोरीत नसतो. तो वरच्या शासनाकडून यावा लागतो. तो कोणत्या नियमाने यावा, किती प्रमाणात यावा आणि मुख्य म्हणजे कामाच्या आधी यावा की नंतर, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर एखादे गाव पाच वर्षांत सावरते की पंधरा, हे अवलंबून असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी या प्रश्नांची उत्तरे कायद्यात लिहून ठेवली आहेत. त्या उत्तरांची सर्वांत मोठी परीक्षा २००५ साली कॅटरिना या हरिकेनने घेतली आणि त्यानंतर सँडी (२०१२) व मारिया (२०१७) यांनी ती पुढे चालू ठेवली. एका संपन्न संघराज्यात, स्पष्ट कायदा व मुबलक निधी असूनही, रस्ते आणि जलवाहिन्यांच्या अनुदानाचा निवाडा होण्यास दहा वर्षे का लागावीत, हा प्रश्न आपल्या किनारपट्टीवरील राज्यांनाही विचारात घेण्याजोगा आहे.

कायद्याची चौकट

आपत्तीनंतर स्थानिक शासनांना मदत देण्याचा सर्वसाधारण कायदा अमेरिकी काँग्रेसने प्रथम १९५० साली केला. तोपर्यंत प्रत्येक पुरासाठी, प्रत्येक वादळासाठी वेगळा ठराव करावा लागत असे. १९७४ च्या कायद्यात १९८८ साली व्यापक सुधारणा झाली आणि तेव्हापासून तो रॉबर्ट टी. स्टॅफर्ड यांच्या नावाने ओळखला जातो. १९७९ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात स्थापन झालेली संघीय आणीबाणी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच फेमा, या कायद्याची अंमलबजावणी करते. २००३ मध्ये ती नव्याने निर्माण झालेल्या अंतर्गत सुरक्षा विभागाचा भाग बनली.

स्टॅफर्ड कायद्याची प्रक्रिया खालून वर जाते. आपत्ती आपल्या कुवतीबाहेरची आहे, असे राज्याच्या गव्हर्नराने राष्ट्राध्यक्षांना कळवावयाचे. अध्यक्षांनी ‘मोठी आपत्ती’ घोषित करावयाची. आणि त्यानंतर ‘सार्वजनिक साहाय्य’ या नावाच्या अनुदान योजनेची दारे उघडतात. तिचे लाभार्थी व्यक्ती नसतात. राज्य शासन, काउंटी (लुइझियानात तिला पॅरिश म्हणतात), शहर, शाळा मंडळ, पाणीपुरवठा मंडळ, आदिवासी जमातींची शासने आणि सार्वजनिक स्वरूपाची सेवा देणाऱ्या काही विना-नफा खाजगी संस्था हे तिचे अर्जदार असतात. येथे एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी. दीड-दोन हजार वस्तीचे खेडेही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. पैसा राज्यामार्फत येतो, पण मागणी गावाची असते, कागदपत्रे गावाची असतात आणि निर्णय अमान्य झाल्यास अपील करण्याचा हक्कही गावाचाच असतो.

कामांची विभागणी सात गटांत केलेली आहे. राडारोडा उचलणे आणि तातडीचे संरक्षक उपाय हे पहिले दोन गट तात्कालिक स्वरूपाचे आहेत. रस्ते व पूल, जलनियंत्रणाची बांधकामे, इमारती व साधनसामग्री, वीज-पाणी-मलनिस्सारण यांसारख्या सेवा, आणि उद्याने व तत्सम इतर सुविधा हे पाच गट कायमस्वरूपी कामांचे आहेत. संघ शासनाचा हिस्सा किमान ७५ टक्के असतो. आपत्ती फार मोठी असल्यास तो वाढविला जातो. उरलेला भाग राज्याने व स्थानिक शासनाने आपसांत वाटून घ्यावयाचा. राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यातील रस्ते या योजनेत येत नाहीत, त्यांसाठी महामार्ग प्रशासनाचा वेगळा निधी आहे. मोठ्या तटबंधांचे काम लष्कराच्या अभियंता विभागाकडे असते. कोणाचे काम कोणाकडे, याबाबत कागदावर तरी संदिग्धता नाही.

कॅटरिना

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराच्या कालव्यांचे तटबंध अनेक ठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शेजारच्या सेंट बर्नार्ड पॅरिशमधील जवळजवळ सर्व घरांत पाणी शिरले. मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्राची लाट आत घुसली आणि वेव्हलँडसारख्या सहा-सात हजार वस्तीच्या गावात नगरभवनासकट बहुतेक सार्वजनिक इमारती नाहीशा झाल्या.

पुनर्बांधणीचे अर्थशास्त्र समजण्यासाठी लोकसंख्येचे आकडे पाहावेत. २००० च्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची वस्ती ४ लाख ८४ हजार होती, २०१० च्या जनगणनेत ती ३ लाख ४४ हजारांपर्यंत खाली आली होती. सेंट बर्नार्डची वस्ती याच काळात सुमारे ६७ हजारांवरून ३६ हजारांच्या आत आली. अमेरिकी शहरांचे उत्पन्न प्रामुख्याने मालमत्ता कर आणि विक्री कर यांवर चालते. घर नाही तेथे मालमत्ता कर नाही, आणि माणसे नाहीत तेथे दुकानेही नाहीत. म्हणजे ज्या क्षणी स्थानिक शासनाला सर्वाधिक खर्च करावयाचा असतो, नेमके त्याच क्षणी त्याचे उत्पन्न शून्याजवळ पोहोचलेले असते. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांनी शहराच्या सुमारे ३ हजार कर्मचाऱ्यांना कमी करण्याची घोषणा केली. अनुदानाचे अर्ज भरावयाचे, नुकसानीची मोजमापे घ्यावयाची, निविदा काढावयाच्या आणि त्यासाठी लागणारे कर्मचारी मात्र घरी पाठवावयाचे, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

यावर उपाय म्हणून कायद्यात ‘समुदाय आपत्ती कर्ज’ नावाची तरतूद होती. पगार, पोलीस, अग्निशमन अशा नित्याच्या खर्चासाठी हे कर्ज मिळे. पण एका शासनाला ५० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम देता येत नसे. न्यू ऑर्लिन्ससारख्या शहराला ही रक्कम किती दिवस पुरणार! ऑक्टोबर २००५ मध्ये काँग्रेसने ही मर्यादा उठविली, परंतु त्याच वेळी पूर्वी असलेली कर्जमाफीची सोय काढून टाकली. कर बुडालेल्या गावांच्या डोक्यावर नवे कर्ज ठेवण्याचा हा प्रकार होता. २००७ साली माफीची तरतूद पुन्हा कायद्यात आली आणि पुढे अनेक कर्जे माफ झाली. मधल्या दोन वर्षांत किनाऱ्यावरील शासनांनी आपली अंदाजपत्रके मात्र कर्ज फेडावयाचेच आहे असे गृहीत धरून आखली होती.

आधी खर्च, नंतर प्रतिपूर्ती

सार्वजनिक साहाय्य योजनेचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर ते ‘प्रतिपूर्ती’ हे आहे. प्रत्येक नुकसानग्रस्त बांधकामाचे एक ‘प्रकल्प-पत्रक’ तयार होते. आपल्याकडील पंचनामा, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी यांचा तो एकत्रित अवतार आहे. लहान कामांची रक्कम अंदाजानुसार एकदमच दिली जाते. ठरावीक मर्यादेवरील मोठ्या कामांना मात्र प्रत्यक्ष झालेला खर्च बिले दाखवून परत मिळवावा लागतो. कॅटरिनाच्या वेळी ही मर्यादा ५५,५०० डॉलर होती. एवढ्या रकमेत एका शाळेचे छप्परही होत नाही. साहजिकच जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे काम ‘मोठे’ ठरले. ही मर्यादा २०२२ साली १० लाख डॉलरपर्यंत वाढविण्यात आली, यावरून आधीची मर्यादा किती अपुरी होती हे स्पष्ट व्हावे.

प्रतिपूर्तीमागील विचार चुकीचा नाही. सार्वजनिक पैसा झालेल्या कामासाठीच दिला जावा, अंदाजासाठी नव्हे, हे तत्त्व आपल्या वित्तीय नियमांतही आहे. परंतु हे तत्त्व ज्याच्याकडे भांडवल आहे त्यालाच पेलते. ह्यूस्टन किंवा न्यूयॉर्क यांसारखे शहर रोखे काढून काम सुरू करू शकते. ज्या गावाचे नगरभवनच समुद्रात गेले, त्याला बँक कोणत्या तारणावर उचल देणार? लुइझियाना व मिसिसिपीतील अनेक गावांनी मंजूर प्रकल्प केवळ खेळत्या पैशाअभावी थांबवून ठेवले.

त्यात स्थानिक हिश्शाचा प्रश्न होता. कॅटरिनासाठी केंद्राचा हिस्सा प्रथम ९० टक्के करण्यात आला. उरलेले १० टक्के स्थानिकांनी घालावयाचे होते. १९९२ च्या अँड्र्यू हरिकेननंतर आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हा स्थानिक हिस्सा पूर्णतः माफ झाला होता, मग येथे का नाही, असा सवाल खाडीकाठच्या राज्यांनी केला. मे २००७ मध्ये काँग्रेसने कायदा करून केंद्राचा हिस्सा १०० टक्के केला. वादळ होऊन तेव्हा एकवीस महिने लोटले होते. येथे रकमेइतकेच महत्त्व वेळेला होते. १० टक्के हिस्सा माफ झाल्याने पैसा वाचला हे खरे, पण तो केवळ १० टक्क्यांचा नव्हता. १० टक्क्यांसाठी अडलेल्या ९० टक्क्यांच्या कामांचा तो प्रश्न होता.

गृहनिर्माण व नागरी विकास विभागाचे समुदाय विकास अनुदान ही या अडचणीतून निघालेली दुसरी वाट होती. २००५ ते २००७ या काळात काँग्रेसने तीन हप्त्यांत १९.७ अब्ज डॉलर या मार्गाने मंजूर केले. त्यातील बराच मोठा भाग घरमालकांसाठी वापरला गेला. तथापि हा निधी पायाभूत सुविधांसाठी आणि इतर संघीय योजनांतील स्थानिक हिस्सा भरण्यासाठीही वापरता येत असल्याने राज्यांना तो सोयीचा वाटला. त्याची उणीव अशी, की ही कायमची योजना नाही. प्रत्येक आपत्तीनंतर काँग्रेसने स्वतंत्र विनियोजन करावे लागते आणि नियमही दर वेळी नव्याने प्रसिद्ध होतात.

नुकसान वादळाचे की दुर्लक्षाचे?

पैशाच्या प्रवाहापेक्षाही अधिक वेळ खाल्ला तो एका वरवर साध्या नियमाने. अनुदान केवळ आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीसाठी, आणि आपत्तीपूर्व रचना, उपयोग व क्षमता यांच्या मर्यादेत मिळेल, असा हा नियम आहे. त्याला जोडून दुसरा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या खर्चाच्या ५० टक्क्यांहून अधिक होत असेल, तर इमारत नव्याने बांधण्यासाठी अनुदान देता येते. ४९ टक्के आणि ५१ टक्के यांतील फरक अशा वेळी कोट्यवधी डॉलरचा होतो, आणि म्हणून अंदाज कोणी केला याला विलक्षण महत्त्व येते.

न्यू ऑर्लिन्सचे चॅरिटी रुग्णालय हे याचे सर्वश्रुत उदाहरण. १९३९ साली उघडलेल्या या इमारतीत गरिबांना उपचार मिळत. कॅटरिनात तिचे तळघर बुडाले आणि रुग्णालय बंद झाले. राज्याचे म्हणणे असे, की नुकसान निम्म्याहून अधिक आहे, म्हणून नव्या रुग्णालयाची किंमत, ४९.२ कोटी डॉलर, मिळावी. फेमाचे म्हणणे असे, की इमारतीची दुर्दशा काही अंशी वादळापूर्वीच्या अपुऱ्या देखभालीमुळे आणि काही अंशी वादळानंतर ती वाळविण्यात झालेल्या दिरंगाईमुळे आहे. दुरुस्तीपुरते १५ कोटी देता येतील. चार वर्षांहून अधिक काळ हा वाद चालला. अखेर २००९ च्या आर्थिक उभारी कायद्यात अशा तंट्यांसाठी लवादाची सोय करण्यात आली आणि जानेवारी २०१० मध्ये लवादाने राज्याच्या बाजूने ४७.४८ कोटी डॉलर मंजूर केले. नवे वैद्यकीय केंद्र २०१५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. या दहा वर्षांत शहरातील विमा नसलेल्या रुग्णांना काय सोसावे लागले असेल, त्याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प-पत्रकात आढळत नाही.

जमिनीखालील जलवाहिन्यांची कथा तर याहून बिकट. न्यू ऑर्लिन्सच्या नळांचे आणि मलवाहिन्यांचे जाळे फार जुने. वादळाआधीही त्यातून गळती होतच होती. पुराचे पाणी आठवडे न् आठवडे साचल्याने, माती खचल्याने, झाडे उन्मळताना मुळांबरोबर नळ ओढले गेल्याने ती कितीतरी पटींनी वाढली. परंतु या विशिष्ट सांध्यातील ही विशिष्ट फूट पुरामुळेच झाली, हे सिद्ध कसे करावयाचे? रस्ता खोदून पाहावे तर खोदण्याचा खर्च कोणी करावयाचा? एकेका नळाची, एकेका गल्लीची वेगळी पत्रके निघत राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे वादळानंतर दहा वर्षांनी, रस्ते आणि भूमिगत वाहिन्या यांसाठी एकत्रितपणे सुमारे २ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि शहरातील गल्ल्या खऱ्या अर्थाने खोदल्या जाऊ लागल्या त्या त्यानंतर.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २००८ मधील आपल्या अहवालात या दिरंगाईची कारणे नोंदविली आहेत. त्यात निधीच्या कमतरतेपेक्षा माणसांच्या बदल्यांचा उल्लेख ठळक आहे. फेमाचे क्षेत्रीय अधिकारी काही महिन्यांनी बदलत. नवा अधिकारी येई, तो जुन्याचा निर्णय अमान्य करी, आणि गावाच्या कारकुनाला तीच कागदपत्रे पुन्हा द्यावी लागत. शासकीय कार्यालयांशी ज्यांचा संबंध आला आहे अशा आपल्याकडील वाचकांना हे वर्णन परके वाटू नये.

या कोंडीतून मार्ग दाखविला तो शाळांच्या प्रकरणाने. शहराच्या शेकडो शालेय इमारतींपैकी किती मोडल्या, कोणत्या दुरुस्त करावयाच्या, याचा काथ्याकूट पाच वर्षे चालला होता. विद्यार्थी कमी झाले असल्याने सर्व शाळा जुन्याच जागी बांधण्यात अर्थ नव्हता. नियमाप्रमाणे मात्र पैसा जुन्या इमारतीलाच बांधलेला होता, आणि दुसरीकडे वळविल्यास अनुदानात कपात होत असे. लुइझियानाच्या सिनेटर मेरी लँड्रू यांच्या प्रयत्नाने काँग्रेसने सर्व शाळांचे नुकसान एकत्र धरण्याची परवानगी दिली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सुमारे १.८ अब्ज डॉलर एकरकमी मंजूर झाले. कोणती शाळा कोठे बांधावी, हे ठरविणे स्थानिक मंडळांकडे आले.

सँडी आणि मारिया

हाच धडा पुढे कायद्यात उतरला. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर तीन महिन्यांत, २९ जानेवारी २०१३ रोजी, स्टॅफर्ड कायद्यात कलम ४२८ घालण्यात आले. या कलमान्वये अर्जदार आणि फेमा यांनी एकदा अंदाजपत्रकावर सहमती करावयाची; ती रक्कम निश्चित अनुदान म्हणून धरावयाची; काम कमी पैशांत झाले तर बचत स्थानिक शासनाने पुढील आपत्ती-निवारणासाठी ठेवावयाची, आणि जास्त लागले तर ती भर स्वतः सोसावयाची. अनेक इमारतींचे अनुदान एकत्र करण्याची मुभाही त्यात आहे. न्यूयॉर्क शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला २०१५ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर एकत्रितपणे मिळाले, ते याच धोरणामुळे. केवळ पूर्वीसारखे न बांधता बॉयलर व विद्युत यंत्रणा पुराच्या पातळीच्या वर नेण्याचा खर्चही त्यात धरलेला होता.

परंतु एका शहराला मानवलेली पद्धत दुसऱ्या प्रदेशाला मानवेलच असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हरिकेन प्वेर्तो रिको बेटावरून गेले. संपूर्ण बेटाची वीज गेली आणि ती सर्वत्र पूर्ववत होण्यास जवळजवळ अकरा महिने लागले. येथील शासन वादळाआधीच दिवाळखोरीच्या कार्यवाहीत होते. अशा ठिकाणी सर्व मोठ्या कायमस्वरूपी कामांना कलम ४२८ सक्तीचे करण्यात आले. अंदाज चुकला तर तोटा स्वतः सोसावयाचा, या अटीमुळे प्रत्येक आकड्यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे खल झाला. वीज मंडळासाठी सुमारे ९.६ अब्ज डॉलरची मंजुरी सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली, म्हणजे वादळानंतर तीन वर्षांनी. बेटावरील ७८ नगरपालिकांपैकी कित्येकींपुढे मंजुरी हातात असूनही ठेकेदाराला पहिला हप्ता कोठून द्यावयाचा, हा तोच जुना प्रश्न होता. अखेर २०२२ पासून मंजूर रकमेचा काही भाग खेळते भांडवल म्हणून आगाऊ देण्याची योजना तेथे सुरू करण्यात आली. कॅटरिनाच्या वेळी वेव्हलँडला जे हवे होते ते प्वेर्तो रिकोच्या नगरपालिकांना सतरा वर्षांनी मिळाले.

प्वेर्तो रिकोसाठी २०१८ साली आणखी एक सूट देण्यात आली, ती तत्त्वतः फार महत्त्वाची आहे. वीज, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा आवश्यक सेवांची बांधकामे वादळापूर्वी कोणत्या अवस्थेत होती हे न पाहता आधुनिक मानकांनुसार उभारता येतील, असे कायद्याने ठरले. ‘नुकसान वादळाचे की दुर्लक्षाचे’ हा वाद त्यामुळे निदान या सेवांपुरता निकालात निघाला. माझ्या मते कॅटरिनापासून मिळालेला हा सर्वांत मोलाचा धडा होय. कारण जीर्ण नळ पुन्हा जीर्णच बसविण्यात संघ शासनाचाही फायदा नसतो, पुढच्या वादळात त्यालाच पुन्हा पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडील चौकट

भारतात आपत्ती निवारणाचा वित्तपुरवठा वित्त आयोगांच्या शिफारशींवर चालत आला आहे. ओरिसाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या वर्षअखेरीस त्या राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. २००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. प्राण वाचविण्याच्या बाबतीत या यंत्रणेने मिळविलेले यश निर्विवाद आहे. मे २०१९ मध्ये फनी वादळाच्या वेळी ओडिशाने दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलविले. पुनर्बांधणीच्या पैशाबाबत मात्र आपली व्यवस्था बराच काळ मदतीच्या पायरीवरच थांबली होती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा सर्वसाधारण राज्यांसाठी ७५ टक्के आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के असतो. त्यातून सार्वजनिक बांधकामांच्या तातडीच्या दुरुस्तीपुरतीच रक्कम विहित दरांनी मिळे. कायमस्वरूपी पुनर्बांधणीसाठी राज्यांना आपल्या योजनांतून किंवा जागतिक बँकेच्या कर्जातून तजवीज करावी लागे.

हा दोष पंधराव्या वित्त आयोगाने नेमका हेरला. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातील ३० टक्के भाग पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी राखून ठेवला. ४० टक्के तातडीच्या मदतीसाठी, १० टक्के पूर्वतयारीसाठी व २० टक्के सौम्यीकरणासाठी होते. या पुनर्बांधणी खिडकीचे सविस्तर नियम गृह मंत्रालयाने २०२४ मध्ये काढले. राष्ट्रीय पातळीवरील तशाच खिडकीतून हिमाचल प्रदेशाला २०२३ च्या पावसाळ्यातील हानीसाठी २,००६.४० कोटी रुपये मंजूर झाले ते जून २०२५ मध्ये. आयोगाच्या कालावधीची साडेतीन वर्षे नियम तयार होण्यात जावीत, ही गोष्ट खटकते.

तथापि अमेरिकी अनुभवाशी तुलना करताना खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आढळतो. आपल्या व्यवस्थेत ग्रामपंचायत अर्जदार नाही. २००५ च्या कायद्याचे कलम ४१ स्थानिक प्राधिकरणांवर बाधित क्षेत्रात मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणीची कामे करण्याचे कर्तव्य सोपविते. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पाणीपुरवठा, रस्ते, प्राथमिक शाळा हे विषयही त्यांच्या सूचीत घातले आहेत. पैसा मात्र राज्याच्या निधीतून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून खात्यांकडे जातो. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या व महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांची सोय झाली. गावांसाठी तशी तरतूद नाही.

कोकणात याचे परिणाम पाहावयास मिळाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत हजारो विजेचे खांब आडवे झाले, शाळांची छपरे उडाली, अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली आणि वीज नसल्याने नळयोजनाही बंद पडल्या. घरांचे आणि बागांचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांनी केले. सार्वजनिक मालमत्तेच्या याद्या मात्र ज्या त्या खात्याने आपापल्या पद्धतीने तयार केल्या. गावाचे एकूण सार्वजनिक नुकसान किती, हा आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी एकत्रितपणे येण्याची सोय नव्हती. ग्रामपंचायतीने स्वतः काही करावयाचे म्हटले, तर तिच्या हाती वित्त आयोगाच्या अनुदानाचा अबंधित भाग होता. २०२१ नंतरच्या व्यवस्थेत हा भाग ४० टक्के होता. उरलेले ६० टक्के स्वच्छता व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले होते.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५ साली महाराष्ट्र व गोव्यासह सहा राज्यांत सुरू झाला. त्यातून भूमिगत वीजवाहिन्या, निवारे आणि खारबंधारे यांची कामे हाती घेण्यात आली. ही कामे आवश्यक होती. परंतु ती राज्याच्या खात्यांमार्फत होत असल्याने, वादळानंतर त्यांची निगा कोणाकडे हा प्रश्न गावांपुढे उरतोच.

अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलावा असे कोणी सुचविणार नाही. प्रतिपूर्तीची पद्धत आपल्या ग्रामपंचायतींवर लादली, तर वेव्हलँडपेक्षाही कठीण प्रसंग ओढवेल. परंतु राज्याच्या पुनर्बांधणी निधीतील ठरावीक भाग बाधित ग्रामपंचायतींना व नगरपरिषदांना घोषणेनंतर लगेच, अंदाजित नुकसानीच्या प्रमाणात, आगाऊ देणे नियमांत बसविता येण्यासारखे आहे. राज्य वित्त आयोगांनीही या दृष्टीने शिफारशी करावयास हव्यात. आजवर त्यांचे लक्ष नित्याच्या महसूल वाटपावरच अधिक राहिले आहे.

दुसरी गोष्ट अगदी किरकोळ वाटेल. ग्रामपंचायतीच्या विहित नमुन्यांत स्थावर मालमत्तेची व रस्त्यांची नोंदवही असते. ती बहुतेक ठिकाणी लेखापरीक्षणाच्या आधी भरली जाते. तीत प्रत्येक टाकी, विहीर, शाळाखोली व साकव यांचे छायाचित्र आणि शेवटच्या देखभालीचा दिनांक दर वर्षी मार्चअखेर नोंदविला जावा. किनाऱ्यावरील तालुक्यांत हे काम मे महिन्याच्या आत संपलेले असावे, कारण अरबी समुद्रातील वादळांचा पहिला हंगाम मे-जूनमध्येच येतो. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा निसर्गात मोडलेल्या काही शाळांची छपरे अद्याप बसविलेली नव्हती.